गाडीचं विचारा : घाट उतरताना ॲडॅप्टिव्ह क्रूझ लावायचं का?

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की या पानावर घाटाचे प्रश्न येणार हे ठरलेलंच आहे. आपलं नागपूर सपाट, शहरात चढ म्हणजे काय तर उड्डाणपूल, त्यामुळे इकडचा माणूस कितीही पट्टीचा ड्रायव्हर असला तरी घाटाची सवय जरा कमीच असते. त्यात आता गाड्याच अशा आल्यात की स्टीअरिंगवरचं एक बटण दाबलं की ॲक्सिलरेटर पण तीच सांभाळते आणि ब्रेक पण तीच मारते. 2021 ला एक्सयूव्ही 700 आली, मग सिटी हायब्रिड, हायक्रॉस, हॅरियर, सेल्टॉस, आणि बघता बघता हे ॲडॅप्टिव्ह क्रूझ नावाचं फीचर, म्हणजे सेट केलेला स्पीड आणि पुढच्या गाडीशी अंतर आपोआप राखणारं, कॉलनीतल्या पार्किंगमध्ये येऊन बसलं. यावेळची बहुतेक पत्रं त्यावरचीच आहेत म्हणून तीच घेतो, सीट कव्हर आणि मायलेजवाले पुढच्या अंकात.

प्रश्न : भाऊ, नवीन डिझेल ऑटोमॅटिक घेतली, एडासवाली (रडार-कॅमेऱ्यानी ड्रायव्हरला मदत करणारी). छिंदवाड्याहून परत येताना सिल्लेवानी घाटात क्रूझ 60 ला लावलं होतं. सरळ उतारावर गाडी 66-67 पर्यंत जायची, मग आपोआप ब्रेक, मग 58, पुन्हा 66, असं झुलतच राहिली, मागे बसलेल्या आईला मळमळायला लागलं. ते सोडा, पुढे एक ट्रक 25-30 नी चालला होता, त्याच्यामागे गाडी एकदम शिस्तीत होती आणि वळणावर ट्रक दिसेनासा झाला तशी गाडीनी सरळ रेस घेतली जी! मी ब्रेक मारला म्हणून वाचलो. खाली आल्यावर चाकापाशी जळाल्यासारखा वास. शोरूमवाले म्हणतात नॉर्मल आहे. खरंच नॉर्मल आहे का गाडीत काही प्रॉब्लेम आहे?
— वाचक, मनीष नगर

उत्तर : शोरूमवाले खोटं बोलत नाहीयेत, पण "नॉर्मल आहे" एवढं बोलून गिऱ्हाइकाला वाटेला लावणं हे काही उत्तर नाही. तुमच्या पत्रात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत, सावकाश घेऊ.

आधी ते झुलणं. जुन्या साध्या क्रूझच्या हातात फक्त ॲक्सिलरेटर असायचा. ॲडॅप्टिव्हच्या हातात ब्रेक पण असतो, म्हणजे एबीएसचं (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारं) जे युनिट असतं त्यातला पंप गाडी स्वतः चालवते आणि चारही चाकांना प्रेशर देते, कान देऊन ऐकलं तर काही गाड्यांत बारीक घुर्र असा आवाजही येतो. आता उतारावर गाडीसमोर प्रश्न असा की स्पीड सेटच्या वर गेला, करायचं काय? आधी ॲक्सिलरेटर पूर्ण सोडणार, मग जमलं तर गिअर खाली आणणार, आणि तरीही वाढतोय म्हटल्यावर ब्रेक. हे कोणी किती लवकर करायचं ते प्रत्येक कंपनीनी आपापल्या हिशोबानी ठरवलंय. काही गाड्या एक-दोन किलोमीटर वर गेलं की लगेच हलका ब्रेक धरतात, काही पाच-सात जाऊ देतात आणि मग जरा जोरात मारतात. तुमची दुसऱ्या जातीची दिसते. त्यात ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मायलेजसाठी वरच्या गिअरमध्ये राहायला बघतो, वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला धरून ठेवत नाही, म्हणून सगळा भार ब्रेकवर येतो आणि मग ब्रेक-सोड-ब्रेक-सोड चालू. आईला मळमळलं त्याचं कारण हेच, घाटाच्या वळणांना उगाच दोष देऊ नका.

उपाय सोपा आहे. उतार लागायच्या आधीच, लागल्यावर नाही, स्टीअरिंगमागच्या गिअरच्या पॅडलनी किंवा लिव्हर मॅन्युअल मोडला टाकून गिअर खाली घ्या. 40-50 च्या स्पीडला तिसरा गिअर, जास्तच तीव्र असेल तर दुसरा. आरपीएमचा काटा 1,500 वरून 3,000 च्या आसपास जाईल, इंजिन ओरडेल, घाबरू नका, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना इंजिनात इंधन जातच नाही, नुसती हवा दाबली जाते आणि तिनीच गाडी रोखली जाते. काही गाड्यांत पॅडल मारलं तरी क्रूझ चालू राहतं, काहींत सुटतं, तुमच्यात काय होतं ते वर्धा रोडवर रिकाम्या वेळेला बघून घ्या, घाटात नको.

दुसरी गोष्ट तो ट्रक, आणि ही खरी धोक्याची आहे. तुमच्या गाडीच्या पुढच्या जाळीत किंवा बंपरमध्ये एक रडार बसवलेला असतो, साधारण 77 गिगाहर्ट्झवर चालणारा, आणि आरशामागे काचेला चिकटलेला कॅमेरा. रडार लांबचं बघतो, सपाट सरळ रस्त्यावर दीडशे मीटरच्या पुढचंही, पण त्याची नजर आडवी फार पसरट नाही आणि उभी तर फारच चिंचोळी, काही अंशांचीच. समृद्धीवर हे फार छान चालतं. घाटात वळण आलं की पुढचा ट्रक त्या नजरेतून बाजूला सरकतो. आपल्याला माहीत असतं की ट्रक हवेत विरघळला नाही, तिथेच वळणामागे आहे. गाडीला ते माहीत नसतं. तिच्या लेखी रस्ता मोकळा झाला आणि मालकानी तर 60 सांगितलंय, मग ती 28 वरून 60 कडे निघाली. वरून उतार मदतीला. गाडीनी तुमचाच हुकूम पाळला हो, फक्त चुकीच्या जागी.

असंच उलटही होतं, डावीकडे वळणाऱ्या रस्त्यावर समोरून येणारा किंवा बाजूच्या लेनमधला ट्रक आपल्या समोर आहे असं वाटून गाडी विनाकारण ब्रेक मारते आणि मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून आपला उद्धार करतो. शिवाय आधीपासून थांबलेल्या वस्तूंच्या बाबतीत ही सिस्टीम कच्ची असते, कारण रस्त्यावरच्या पाट्या, कठडे, पुलाचे खांब या सगळ्यांवरून पण रडारची लाट परत येते आणि प्रत्येकाला गाडी समजून ब्रेक मारला तर चालवणंच अशक्य होईल, म्हणून स्थिर गोष्टी बऱ्याच अंशी गाळून टाकतात. घाटात पंक्चर होऊन वळणावर उभा असलेला ट्रक, मागे दोन दगड आणि झाडाची फांदी ठेवलेली, हे दृश्य आपल्याकडे किती कॉमन आहे ते तुम्हाला माहीत आहे. त्या फांदीचा अर्थ रडारला कळत नाही.

आणि अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियम आहे, नुसता रिवाज नाही. क्रूझला हेही कोणी सांगितलेलं नसतं.

आता तिसरं, वास. इथे जरा गणित करू. तुमची गाडी माणसं आणि सामान धरून 2,000 किलो पकडा. शंभर मीटरला सहा मीटर उतरणारा रस्ता, स्पीड 60. टायरची घसट आणि हवा मिळून काही जोर खातात, तो वजा केला तरी जवळपास 13 किलोवॉट एवढी ताकद कोणीतरी सतत शोषून घ्यावी लागते, नाहीतर स्पीड वाढत जाणार. ते काम एकतर इंजिन करेल नाहीतर ब्रेक पॅड. इंजिनाला त्यासाठी रेडिएटर आहे, फॅन आहे, ते थंड राहतं. पॅड आणि डिस्कला नुसती वाऱ्याची झुळूक. अजून सोपं करून सांगतो, चिखलदरा 1,118 मीटरवर आहे आणि परतवाडा त्याच्या साधारण 700 मीटर खाली, तेवढं उतरताना या गाडीतून जी ऊर्जा निघते ती पावणेचार युनिटच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या घरचा दीड टनाचा एसी मे महिन्यात दोन-अडीच तास चालेल एवढी. त्यातला मोठा वाटा चार डिस्कमध्ये उष्णता म्हणून घातला तर वास येणारच.

आणि माझा ॲडॅप्टिव्ह क्रूझवरचा मुख्य आक्षेप इथेच आहे. पाय ब्रेकवर असला की आपल्याला कळत असतं, अरे आपण फारच ब्रेक दाबतोय, पाय भरून आला, जरा गिअर खाली घेऊ. ही अक्कल डोक्यात नाही, पायात असते. क्रूझ लावलं की पाय खाली चटईवर आणि ब्रेक किती वापरला गेला याचा हिशोब कोणाकडेच राहत नाही. गाडी स्पीड बरोबर राखते, पुढच्याशी अंतर राखते, मीटरवर सगळं हिरवं, आणि डिस्क तापत चाललीय हे आपल्याला थेट नाकानीच कळतं. रात्री असाल तर एक खूण सांगतो, आरशात बघा, मागच्या झाडांवर आणि दरडीवर लाल उजेड सारखा चालू-बंद होतोय का. होत असेल तर गाडी पॅडवर उतरतेय. गिअरवर उतरत असेल तर मागे अंधारच राहतो, कारण गिअरनी गाडी रोखली तर ब्रेक लाइट लागत नाही.

तर तुमचं उत्तर असं की गाडीत प्रॉब्लेम नाही. एकदा पॅड आणि डिस्क बघून घ्या, डिस्कवर निळसर-जांभळे डाग दिसले तर ती चांगलीच तापली होती. आणि सिल्लेवानी, पचमढी, चिखलदरा, असल्या वळणाच्या घाटात क्रूझ बंद. हे माझं मत नाही, तुमच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत पडलेलं मॅन्युअल उघडा, तीव्र उतार आणि वळणाच्या रस्त्यावर वापरू नका असं जवळपास प्रत्येक कंपनीनी लिहून ठेवलंय. लिहून ठेवलंय पण डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे, फोटो यात सांगत कोणी नाही.

प्रश्न : दादा, आमची इलेक्ट्रिक आहे. चिखलदऱ्याला हॉटेलवर रात्रभर लावून 100 टक्के केली आणि सकाळी निघालो. एरवी पाय काढला की गाडी मस्त रोखली जाते, त्या दिवशी नुसती घरंगळत होती आणि स्क्रीनवर रीजन कमी असल्याचा मेसेज. क्रूझ लावून बघितलं तर स्पीड धरत होती, म्हणजे क्रूझ लावणं जास्त सेफ ना? आणि उतरताना बॅटरी चार्ज होते म्हणतात, तर किती होते?
— वाचक, त्रिमूर्ती नगर

उत्तर : नाही ताई, उलट आहे. इलेक्ट्रिक गाडी उतारावर मोटरलाच जनरेटर करते आणि निघालेली वीज बॅटरीत ढकलते, त्यालाच रीजन म्हणतात. बॅटरी आधीच गच्च भरलेली असेल तर वीज ठेवायची कुठे? म्हणून गाडी रीजन कमी करते, तोच तो मेसेज. तरीही क्रूझनी स्पीड धरला कारण त्यानी साधे घर्षणाचे ब्रेक लावले, तुम्हाला न सांगता. म्हणजे त्या दिवशी तुमची गाडी वरच्या पत्रातल्या डिझेलपेक्षाही वाईट अवस्थेत उतरत होती, कारण डिझेलला निदान गिअर तरी आहेत, तुमच्या गाडीत खाली घ्यायला दुसरा गिअरच नाही.

वर मुक्काम असेल तर चार्जिंग 80-85 टक्क्यांवर थांबवा, बहुतेक गाड्यांच्या ॲपमध्ये लिमिट लावता येते. मग उतरताना रीजन सगळ्यात वरच्या लेव्हलला टाका. बॅटरीत जागा असेल तर इलेक्ट्रिकमधलं ॲडॅप्टिव्ह क्रूझ उतारावर पेट्रोल-डिझेलपेक्षा खूप सुरेख चालतं हे मान्य करावंच लागेल, झुलणं नाही, वास नाही, कारण मोटर हवं तेवढंच आणि हवं त्या क्षणी रोखते. वळणावर पुढची गाडी हरवायचा प्रश्न मात्र तसाच राहतो, रडार तोच आहे, त्यामुळे चिखलदऱ्यात बंदच ठेवा.

किती चार्ज होते, तर फार आशा ठेवू नका. पावणेचार युनिटचा हिशोब वर दिलाय, पण त्यातलं बरंचसं टायर आणि हवा खाते, बाकीचं बॅटरीपर्यंत जाता जाता थोडं गळतं. परतवाड्याला पोचेपर्यंत एखादं युनिट परत मिळालं तर चांगलं समजा. पण मुद्दा कमाईचा नाहीच, तेवढा रस्ता जवळपास फुकटात झाला आणि ब्रेक थंड राहिले, हे काय कमी आहे?

प्रश्न : माझ्या गाडीत साधं क्रूझ आहे, रडार वगैरे नाही. 90 ला लावलं तर उतारावर 100 च्या वर जाते. दुरुस्तीला टाकू का?
— वाचक, महाल

उत्तर : नको काकाजी, काही बिघडलेलं नाही. साध्या क्रूझला ब्रेक मारताच येत नाही, ते फार तर ॲक्सिलरेटर सोडू शकतं. उतारावर तुम्हीच ब्रेक मारा, क्रूझ सुटेल, खाली आल्यावर रिझ्यूम दाबा.

प्रश्न : भाऊ, एक शंका. पचमढीहून मटकुलीकडे उतरताना खाली खाली येता येता ब्रेकचं पेडल एकदम मऊ झालं, पार खाली जायला लागलं. दोन-तीनदा पंप केल्यावर पकडलं. थांबलो, अर्ध्या तासानी सगळं ठीक. नागपूरला आल्यावर गॅरेजमध्ये दाखवलं, ते म्हणाले पॅड चांगले आहेत, लीक नाही, काहीच नाही. मग झालं काय होतं? गाडी सहा वर्षं जुनी पेट्रोल आहे, क्रूझ वगैरे काही नाही.
— वाचक, हिंगणा रोड

उत्तर : क्रूझ नाही तरी तुमचं पत्र इथे घेतलं कारण वर जे तापण्याचं रामायण सांगितलं त्याचा शेवट असा होतो.

ब्रेक तापले की दोन प्रकारे दगा देतात आणि दोन्ही ओळखता यायला हवेत. पहिला प्रकार, पेडल नेहमीसारखं कडक आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय, पण गाडी थांबत नाही. तिथे पॅडच्या मसाल्याची पकड गेलेली असते. दुसरा प्रकार तुमचा, पेडलच मऊ. तिथे ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. ऑइलची वाफ झाली की तिचे बुडबुडे दाबले जातात, म्हणून तुमचा पाय बुडबुडे दाबण्यात खर्च होतो, कॅलिपरपर्यंत (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) जोर पोचतच नाही. थंड झालं की वाफेचं परत ऑइल होतं आणि पुरावा गायब, म्हणून गॅरेजवाल्याला काही सापडलं नाही. त्याचा दोष नाही, पण ऑइल किती वर्षांपूर्वी बदललंय हे त्यानी विचारायला पाहिजे होतं.

कारण ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नव्या डॉट 4 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) चा उत्कलनबिंदू कमीत कमी 230 अंश असायला हवा, तेच पाणी मुरलेलं असेल तर मानकातला आकडा 155. डॉट 3 ला हेच आकडे 205 आणि 140. बघा किती फरक पडतो. आणि आपल्याकडे काय होतं, इंजिन ऑइल दरवर्षी वेळेवर, ब्रेक ऑइल मात्र डबीतली लेव्हल बघायची, कमी असेल तर वरून टॉप अप, झालं. साधारण दोन वर्षांनी पूर्ण काढून नवीन भरायचं, झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच. सहा वर्षांत तुमचं एकदाही झालं नसेल असं मी धरून चालतो.

परत असं झालं तर पेडल भराभर पंप करायचं, तुम्ही केलं ते बरोबर होतं, सोबत गिअर एकेक करून खाली, आणि रुंद जागा बघून थांबायचं. थांबल्यावर तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतायचं नाही, हे आपल्याकडे मोठ्या उत्साहात करतात, अचानक थंड होऊन डिस्क वाकडी होऊ शकते आणि मग आयुष्यभर ब्रेक मारला की स्टीअरिंग थरथरतं. हँडब्रेक गच्च ओढू नका, उताराकडे तोंड असेल तर गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवा आणि टायरखाली दगड लावा. निघताना तो दगड उचलून बाजूला टाका, कृपा करा, रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा विचार करा.

प्रश्न : गाडीत उताराच्या चित्राचं एक बटण आहे, हिल डिसेंट. घाटात ते दाबलं तर ॲडॅप्टिव्ह क्रूझसारखंच काम होतं का?
— वाचिका, सक्करदरा

उत्तर : नाही. ते चिखल, मुरूम, सुटी वाळू अशा तीव्र उतारासाठी आहे, अगदी गोगलगाईच्या स्पीडला, गाडी घसरू नये म्हणून एकेका चाकाला वेगळा ब्रेक मारत ते उतरवतं. डांबरी घाटात 40 नी उतरायला त्याचा काही उपयोग नाही आणि तेही ब्रेकच वापरतं, म्हणजे तापणं आलंच.

प्रश्न : आमचा ड्रायव्हर प्रत्येक उतारावर गाडी न्यूट्रल करतो. म्हणतो पेट्रोल वाचते. वीस वर्षांचा अनुभव आहे त्याचा, काय बोलणार?
— वाचक, वाडी

उत्तर : बोला, बोलायलाच पाहिजे. कार्बोरेटरच्या जमान्यात त्यात थोडंफार तथ्य होतं. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना पाय काढला की इंजिनाला चाकंच फिरवतात आणि कॉम्प्युटर इंधन पूर्ण बंद करतो. न्यूट्रलमध्ये चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो, मग इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला पेट्रोल पाजावंच लागतं. म्हणजे तो वाचवायला जातो आणि खर्च करून येतो, वर ब्रेकवर दुप्पट भार. काही महाभाग तर चावीच बंद करतात, तेव्हा ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं आणि पॉवर स्टीअरिंगही जातं. वीस वर्षांचा अनुभव असला तरी हे ऐकवा, हवं तर हे पान त्याला वाचून दाखवा.

प्रश्न : समृद्धीवर 120 ला लावून ठेवतो. तिथेही लांब लांब उतार आहेत, तिथे चालेल का? आणि सदरच्या उड्डाणपुलावर चढताना पुढची कार स्क्रीनवरून गायब होते ती का?
— वाचक, प्रताप नगर

उत्तर : समृद्धीवर चालेल, त्या रस्त्यासाठीच हे फीचर जन्माला आलंय म्हणा ना. वळणं मोठ्या त्रिज्येची, उतार सौम्य, आणि 100-120 ला हवेचाच अडथळा इतका असतो की हलक्या उतारावर ब्रेक लागायची पाळी क्वचितच येते. म्हणून तोच उतार 40 नी उतरताना जास्त जाणवतो आणि 110 नी कमी, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. जून 2025 पासून इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यावर आपण 701 किलोमीटर सरळ मुंबईच्या दारात उतरतो, आणि तिथे मात्र सह्याद्री उतरायचा असतो, जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा त्यातच येतो. तिथे पाटीवर जो स्पीड लिहिलाय त्यावर किंवा त्याहून खाली सेट करा, अंतर सगळ्यात लांबच्या खुणेवर ठेवा, कारण समोरचा कंटेनर कोणत्या क्षणी कोणत्या लेनमध्ये येईल याचा भरवसा नाही. 120 च्या मर्यादेला 120 लावायचं नाही हेही सांगून ठेवतो, उतारावर दोन-चार वर जातेच आणि चलान क्रूझच्या नावानी येत नाही. मीटर खऱ्या स्पीडपेक्षा थोडा जास्त दाखवतो हे खरं, पण त्या भरवशावर राहू नका. आणि शेकडो किलोमीटर पाय रिकामा असला की झोप येते, ते संकट घाटापेक्षा मोठं आहे, वर्ध्याच्या पुढे गेलात की एकदा तरी उतरून पाय मोकळे करा.

उड्डाणपुलाचं कारण तेच, उभी चिंचोळी नजर. तुम्ही चढावर असता तेव्हा रडार आभाळाकडे बघतो आणि पुढची कार माथ्यापलीकडे उतरलेली असते. उताराच्या पायथ्याशी उलटं, रडार रस्त्यातच घुसतो आणि पुढे लांबचं दिसत नाही. पुलाच्या माथ्यापलीकडे ट्राफिक तुंबलेलं असेल तर गाडीला ते शेवटच्या क्षणी कळतं, म्हणून शहरातल्या पुलांवर पाय ब्रेकवर तयार ठेवा किंवा सरळ बंद करा. तीन किलोमीटरसाठी क्रूझ लावून काय मिळवायचं आहे?

प्रश्न : पुढचा बंपर ठोकला गेला होता, बाहेरच्या गॅरेजमध्ये स्वस्तात करून घेतला आणि वर स्टीलचा गार्ड लावला. तेव्हापासून क्रूझ मधेच सुटते, रडार ब्लॉक असल्याचा मेसेज येतो, आणि कधीकधी रिकाम्या उतारावर आपोआप ब्रेक लागतो. रडार बदलावा लागेल का? फार महाग सांगतात.
— वाचक, कामठी रोड

उत्तर : बदलायच्या आधी तो गार्ड काढा. रडारच्या समोर लोखंड ठेवलं तर तो बघणार काय? तसंही असले गार्ड बेकायदेशीर आहेत, केंद्रीय वाहतूक मंत्रालयानी डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना तसं कळवलंय, आणि अपघातात ते एअरबॅगच्या सेन्सरचा हिशोबही बिघडवू शकतात. गार्ड काढून, जाळीमागची रडारची चपटी पट्टी ओल्या मऊ फडक्यानी पुसून, चालवून बघा. मेसेज गेला तर निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं म्हणजे कॅलिब्रेशन, रडारची नजर परत नेमकी लावून घेणं. बंपर खोलताना रडारचा ब्रॅकेट एक-दोन अंश जरी खाली झुकला तरी शंभर मीटरवर त्याची नजर दोन-तीन मीटर खाली जाते, म्हणजे रस्त्यावरच पडते, आणि उतार संपून सपाट लागतो तिथे तर तो पुढचा रस्ता, मॅनहोलचं झाकण, पुलाची लोखंडी पट्टी यांनाच गाडी समजतो. हे अंदाजानी स्क्रू पिळून होत नाही, त्याला टार्गेट बोर्ड आणि कंपनीचं स्कॅनर लागतं, त्यामुळे अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जा आणि जॉब कार्डवर रडार अलाइनमेंट असं स्पष्ट लिहून घ्या. पुढची काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचंही करायला सांगा. हे होईपर्यंत क्रूझ लावू नका, सपाटीवरसुद्धा.